निर्लेप तव्याची कुळकथा

बिडाचा नवा तवा घरात आला म्हणजे त्याला आधी वळण लावावे लागे. एकदोन दिवस तो तांदळाच्या धुवणात भिजत पडे. मग त्याला तेल चोळून मंद विस्तवावर तापवीत, त्यावर कांद्याच्या फोडी परतीत आणि त्या टाकून देत. इतके सायास करूनही पहिली दोनचार घावने तव्याला घट्ट धरून बसत व उलथन्याने ओरबाडून काढावी लागत. पुढे त्या तव्यावर काळसर, तुकतुकीत थर चढला, की तोच तवा वर्षानुवर्षे इमानाने चाले. सासूकडून सुनेकडे तो जाई तो एका ताकिदीसह: ह्याला राख लावून घासू नये, नुसता पुसून ठेवावा.

ज्या घरात हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या घरात न चिकटणाऱ्या भांड्यांचा नवा संच प्रथम उघडला जातो तेव्हा ओट्याभोवती सारे घर गोळा होते. खोक्यातून एक तवा, एक कढई, एक पसरट भांडे, काचेचे झाकण आणि लाकडी उलथने बाहेर पडते. वळण लावण्याचा प्रश्नच नसतो. भांडे धुवावे, पुसावे, बोटभर तेल फिरवावे आणि चुलीवर ठेवावे. पळीभर पीठ पसरले, जाळी पडली, कडा सुटल्या आणि तवा किंचित तिरपा केला, की धिरडे आपसूक ताटात उतरते. तव्यावर मागे काही उरत नाही. ज्यांनी उमेदीची वर्षे खरवडलेली भांडी घासण्यात घालविली त्या म्हाताऱ्या माणसांनी ह्या दृश्याकडे थोड्या अविश्वासाने पाहावे, यात नवल नाही.

हा अविश्वास अगदीच निराधार म्हणता येत नाही. एवढे साधे दिसणारे हे भांडे चुलीपर्यंत फार दुरून आले आहे. त्याच्या वाटेवर एक मुका पडलेला वायूचा नळकांडा आहे, एक महायुद्ध आहे, मासेमारीचा नाद असलेला एक फ्रेंच अभियंता आहे, आणि ज्यांनी ह्या तव्यावर कदाचित एकही पदार्थ केला नसेल अशा हजारो माणसांचे पिण्याचे पाणीही आहे.

मुळात अन्न भांड्याला चिकटते का, हे आधी पाहावयास हवे. धातूचा पत्रा डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर खाचखळगे दिसतात. पातळ पीठ किंवा अंडे त्यांत शिरते आणि उष्णतेने तेथेच घट्ट होते. शिवाय अंड्यातील, दुधातील आणि पिठातील प्रथिने तापली म्हणजे त्यांची गुंडाळी उलगडते व ती धातूच्या पृष्ठाशी प्रत्यक्ष बंध जोडतात. तेल ह्या दोहोंच्या मध्ये उभे राहते. परंतु ते जागचे हलले, की चिकटण्यास वाट मोकळी होते. बिडाच्या तव्याला वळण लावणे म्हणजे हेच तेल तेथे कायमचे बसविणे. तेलाचा पातळ हात पुन्हापुन्हा तापला, की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन रोगणासारखे कडक कवच तयार होते. तेव्हा न चिकटणाऱ्या तव्याची कल्पना मुळीच नवी नव्हती. जुन्या गृहिणीही आपला तवा निर्लेप करीत, आणि तोही लेप देऊनच करीत.

लेपाची दुसरी रीत तांब्यापितळेच्या भांड्यांची होती. चिंच, आमसूल, ताक असला आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवला तर तो कळकतो आणि पोटाला बाधतो. म्हणून भांड्यांना आतून कथिलाचा मुलामा देत. त्याचेच नाव कल्हई. कल्हईवाला अंगणात खड्डा खणून भाता लावी, भांडे लालसर तापवी, नवसागर टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि बोळ्याने तो वितळलेला रस एका झटक्यात भांडेभर पसरी. काळवंडलेले पातेले क्षणार्धात चांदीसारखे उजळे. नवसागराचा पांढरा, झोंबरा धूर साऱ्या आळीत पसरे. मुले खोकत आणि तरीही तेथून हलत नसत. काही महिन्यांनी कल्हई झिजून खालचे पितळ डोकावू लागले, की घरातील कोणाच्याही ते ध्यानात येई आणि कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. ह्या धुराची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

नव्या लेपाची जन्मतिथी मात्र नेमकी ठाऊक आहे. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ड्यू पाँट कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटांसाठी नवा वायू शोधीत होता. त्याकरिता त्याने टेट्राफ्लुओरोएथिलीन नावाचा वायू तयार करून लहान लहान नळकांड्यांत भरला होता आणि ती नळकांडी थंड राहावी म्हणून घन कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे कोरड्या बर्फाच्या, सान्निध्यात ठेवली होती. त्या सकाळी त्याचा साहाय्यक जॅक रेबोक ह्याने एका नळकांड्याची झडप उघडली, तो आतून काहीच बाहेर आले नाही. वायू गळून गेला असावा असे कोणासही वाटले असते. परंतु नळकांडे तराजूत घातले तर त्याचे वजन भरलेल्या नळकांड्याइतकेच निघाले. वायू आतच होता, पण तो वायू राहिला नव्हता.

प्लंकेटच्या जागी एखादा उतावळा माणूस असता तर त्याने ते नळकांडे बाजूस टाकून दुसरे उचलले असते. ह्या दोघांनी ते करवतीने कापले. आत पांढरी, मेणचट भुकटी सापडली. वायूचे रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या झाले होते. ह्या भुकटीची परीक्षा सुरू झाली तेव्हा ती कोणत्याही द्रावकात विरघळेना. तीव्र आम्लांनी तिचे काही बिघडेना. आणि उष्णतेलाही ती दाद देईना. तिचा स्वभाव जणू जगाशी काही संबंधच न ठेवण्याचा होता. पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन हे तिचे शास्त्रीय नाव. १९४१ साली तिचे पेटंट मिळाले आणि १९४५ साली टेफ्लॉन हे व्यापारी नाव नोंदविण्यात आले.

ह्या विरक्तीचे रहस्य तिच्या घडणीत आहे. कार्बनच्या साखळीला सर्व बाजूंनी फ्लुओरीनचे अणू चिलखतासारखे बिलगलेले असतात. कार्बन आणि फ्लुओरीन यांमधील बंध हा सेंद्रिय रसायनात आढळणाऱ्या एकेरी बंधांपैकी सर्वांत बळकट. आपले इलेक्ट्रॉन फ्लुओरीन इतके आवळून धरतो, की शेजारच्या रेणूशी ओढाताण करण्यास तेथे फारसे काही उरतच नाही. म्हणून पाणी त्यावर पसरत नाही, तेल त्यावर थेंब थेंब होऊन राहते, आणि गुळगुळीत काचेवर सहज चढणाऱ्या पालीचे पायही त्याच्या कोरड्या पृष्ठावर घसरतात. कमळाच्या पानावरील पाण्याची उपमा आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु कमळाच्या पानाला तेल चिकटते, ह्याला तेही चिकटत नाही.

इतक्या गुणी पदार्थाला पहिले काम मात्र स्वयंपाकघरात मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँब बनविण्याच्या खटपटीत अमेरिकेला युरेनियमचे विरळ समस्थानिक वेगळे काढावयाचे होते. त्यासाठी टेनेसी राज्यातील ओक रिज येथे युरेनियम हेक्साफ्लुओराइड हा वायू मैलोगणती नळ्यांतून खेळविण्यात येई. हा वायू इतका जहाल, की नेहमीची झडपांची व सांध्यांची वॉशरे तो खाऊन टाकी. त्याच्यापुढे टिकेल असा पदार्थ हवा होता, आणि प्लंकेटची पांढरी भुकटी टिकली. युद्ध संपेपर्यंत तिचे जवळजवळ सारे उत्पादन सरकारी कामासाठी राखून ठेवलेले होते आणि तिचे गुण गुप्त होते. ज्या लेपावर आज लहान मुलांसाठी धिरडी उतरतात त्याची पहिली नोकरी हिरोशिमाच्या वाटेवर झाली, ही गोष्ट ऐकावयास चमत्कारिक वाटते खरी. परंतु विसाव्या शतकातील घरगुती सोयींपैकी पुष्कळांची जन्मपत्रिका युद्धाच्या घरातच लिहिली गेली आहे.

युद्धानंतर हा पदार्थ कारखान्यांतून, विजेच्या तारांवरील आवरणांतून दिसू लागला. भांड्याला तो लावावा असे मात्र सहज सुचण्यासारखे नव्हते, कारण त्यात एक कोडे होते. जे कशालाच चिकटत नाही ते तव्याला तरी कसे चिकटणार? शिवाय हा पदार्थ ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो खरा, पण वितळूनही वाहत नाही. त्यामुळे त्याला नेहमीच्या प्लॅस्टिकप्रमाणे साच्यात ओतता येत नाही. भुकटी दाबून, भट्टीत विटेसारखी भाजूनच तिला आकार द्यावा लागतो.

हे कोडे फ्रान्समध्ये सुटले. मार्क ग्रेगॉर नावाच्या अभियंत्याला मासे पकडण्याचा नाद होता आणि त्या हौसेच्या सामानासाठी तो टेफ्लॉनचे प्रयोग करीत होता. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला आम्लाने किंचित खाऊ दिले, की त्यावर सूक्ष्म छिद्रांचे मोहोळ तयार होते. त्यावर टेफ्लॉनची भुकटी पसरून ती वितळण्याच्या पलीकडे तापविली, म्हणजे ती त्या छिद्रांत उतरते आणि थंड झाल्यावर तेथे अडकून बसते. भिंतीला गिलावा धरावा म्हणून गवंडी आधी ती टोचून घेतो, त्यातलाच हा प्रकार. टेफ्लॉन येथेही चिकटत नाहीच. त्याचा पाय तेवढा अडकलेला असतो.

ग्रेगॉरची पत्नी कोलेत हिने हा प्रकार पाहिला आणि नवऱ्याला सुचविले, की मासेमारीच्या सामानापेक्षा आपल्या स्वयंपाकाच्या भांड्यांना हे लावून पाहावे. १९५४ सालची ही गोष्ट. सबंध इतिहासात गृहिणीने तोंड उघडल्याचा हा एकच प्रसंग नोंदविलेला सापडतो, आणि नेमक्या त्या एका वाक्याने ह्या पदार्थाची दिशा बदलली. प्रयोगशाळेतील विद्वानांना ह्या भुकटीचा उपयोग वायूच्या नळ्यांत दिसला; ज्या बाईला रोज भांडी घासावी लागत होती तिला तो तळणीच्या भांड्यात दिसला. आरंभी भांडी घरीच बनविण्यात व विकण्यात आली. १९५६ साली त्या दोघांनी कंपनी काढली आणि टेफ्लॉन व ॲल्युमिनिअम ह्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव टेफाल ठेवले.

जेथे हा पदार्थ जन्मला त्या अमेरिकेत मात्र त्याची भांडी चार वर्षे उशिरा पोहोचली. थॉमस हार्डी नावाच्या अमेरिकनाने फ्रान्समध्ये ही भांडी पाहिली आणि ती स्वदेशी विकण्याचे मनावर घेतले. पण दुकानदार त्याला उभे करीनात. ज्या भांड्याला अन्न चिकटत नाही त्याचा लेपच अन्नात उतरत असेल, ही शंका अगदी रास्त होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपली हरकत नसल्याचे कळविल्यावर अखेर १५ डिसेंबर १९६० रोजी न्यू यॉर्कमधील मेसीज ह्या सुप्रसिद्ध दुकानात ही भांडी विक्रीस मांडली गेली. किंमत होती ६ डॉलर ९४ सेंट. शहरात बर्फ पडून रस्ते अडलेले असतानाही ती बघता बघता संपली. मग मागणी इतकी वाढली, की जो तो असली भांडी करू लागला, आणि त्यांतील पुष्कळांचा लेप काही आठवड्यांतच पापुद्र्यांसारखा सुटू लागला. नव्या वस्तूवरील विश्वास ढळतो की काय अशी वेळ आली, तेव्हा लेपाची प्रत व जाडी ठरविणारी मानके बांधण्यात आली.

भारतात ह्या भांड्यांचा प्रवेश मराठी दारातून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६८ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबाने ह्या भांड्यांचा कारखाना काढला आणि त्यांना निर्लेप हे नाव दिले. परदेशी शब्दाच्या वाऱ्यालाही न जाता, जो अर्थ सांगावयाचा तो नेमका सांगणारा हा संस्कृत शब्द. विरक्त पुरुषाचे वर्णन करावयास जो शब्द पूर्वी योजीत तो तव्यावर येऊन बसला. आणि तो मराठी घरांत इतका रुळला, की भांडे कोणत्याही कारखान्याचे असो, त्याला निर्लेपचा तवा म्हणण्याची चाल पडली. २०१८ साली ही कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सने आपल्याकडे घेतली. शब्द मात्र घराघरांत आधीच स्थायिक झाला होता.

आता पुन्हा त्या ओट्याकडे वळावे. नव्या संचाची खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही, पहिल्या महिन्यात होते. धिरडे, घावन, आंबोळी, थालीपीठ ह्यांत तो पहिला क्रमांक पटकावतो. तेल कमी लागते, भांडी घासण्यास निम्माही वेळ लागत नाही, आणि ज्या घरात हे काम एकाच व्यक्तीच्या माथी असते तेथे ही बचत लहान म्हणता येत नाही. परंतु भाकरी तव्यावर पडली, की अडचण सुरू होते. भाकरीला कडकडीत तापलेला तवा लागतो, आणि हा तवा कडकडीत तापवावयाचा नसतो. फोडणीच्या वेळी चमचाभर तेल एका जागी पसरून राहण्याऐवजी त्याचे मणी होऊन इकडेतिकडे धावतात, आणि मोहरी कोरडीच तडतडते. लोखंडी उलथन्याने एकदा जरी खरवडले, तरी लेपावर ओरखडा उमटतो तो कायमचा. पिठले तर चांगले होते, पण त्याची खरवड निघत नाही. कढईच्या बुडाशी धरलेल्या ज्या खमंग पापुद्र्यासाठी मुलांची भांडणे होत, तो ह्या कढईत धरतच नाही. चिकटणे हा केवळ दोष नव्हता, थोडी चवही त्यातून येत होती, हे तेव्हा कळते.

उष्णतेचा नियम तर केवळ लेपाच्या आयुष्यासाठी नाही. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या आत हा लेप शांत असतो. त्यापुढे तो हळूहळू बिघडू लागतो, आणि ३५० अंशांच्या वर त्याचे तुकडे पडून विषारी वायू सुटतात. अन्न शिजत असताना तवा इतका तापत नाही. परंतु रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर काही मिनिटांत तो ही मर्यादा गाठू शकतो. त्या वाफांनी माणसाला थंडीतापासारखा विकार होतो, आणि घरात पिंजऱ्यातील पोपट असेल तर तो प्राणासही मुकतो. म्हणून रिकामा तवा तापवू नये, आच मध्यम ठेवावी, लाकडी उलथने वापरावे, घासणी मऊ असावी, ह्या सूचना अक्षरशः पाळावयाच्या असतात. बिडाच्या तव्याला माणूस वळण लावी. हा तवा माणसाला वळण लावतो.

येथवर ही कथा सोयीची आणि तिच्या लहानसहान पथ्यांची झाली. तिचा उत्तरार्ध दुसरीकडे, अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीच्या काठी पार्कर्सबर्ग ह्या गावाजवळ घडला. तेथील कारखान्यात टेफ्लॉन तयार होई. ते तयार होताना त्याचे गोळे बनू नयेत म्हणून १९५१ पासून त्यात साबणासारखा गुण असलेले एक साहाय्यक रसायन वापरीत. त्याच्या साखळीत आठ कार्बन असल्याने त्याला सी-आठ म्हणत. पीएफओए हे त्याचे दुसरे नाव. त्यातही कार्बन आणि फ्लुओरीनचा तोच अभेद्य बंध होता. त्यामुळे नदीत सोडले, हवेत उडाले किंवा जमिनीत पुरले, तरी ते कुजत नव्हते, विरत नव्हते. माणसाच्या शरीरात ते रक्तातील प्रथिनांना धरून राही, आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यासही काही वर्षे लागत. तव्यावर कशालाही न चिकटणाऱ्या पदार्थाचा हा सोबती माणसाच्या रक्ताला मात्र चिकटला.

ह्या रसायनाचा प्रयोगातील प्राण्यांच्या यकृतावर परिणाम होतो, हे कंपनीच्या संशोधकांना १९६१ सालीच दिसले होते. १९८४ साली कारखान्याच्या आसपासच्या नळाच्या पाण्यात ते सापडल्याची नोंदही कंपनीने करून ठेवली होती. ह्या नोंदी कपाटातच राहिल्या. १९९८ सालापर्यंत तेथील एका शेतकऱ्याची गुरे एकामागून एक दगावली होती. गावात कोणी वकील त्याचे ऐकून घेईना, तेव्हा त्याने सिनसिनाटी शहरातील रॉबर्ट बिलॉट ह्या वकिलास गाठले. बिलॉटची आजी त्या भागात राहिलेली, एवढाच ओळखीचा धागा. हा वकील तोवर रासायनिक कंपन्यांच्याच बाजूने काम करीत असे. त्याने शेतकऱ्याचे दप्तर घेतले, १९९९ साली दावा लावला, आणि न्यायालयाच्या हुकमाने मिळालेली कागदपत्रांची खोकीच्या खोकी जमिनीवर पसरून महिनोन्‌महिने वाचून काढली. अशा रीतीने सी-आठची हकीकत कपाटाबाहेर आली.

पुढे तडजोडीतून एक वेगळीच गोष्ट घडली. सुमारे ६९,००० रहिवाशांनी आपल्या रक्ताचे नमुने दिले, आणि तीन रोगपरिस्थितीतज्ज्ञांच्या मंडळाने अनेक वर्षे त्यांचा अभ्यास केला. २०१२ पर्यंत त्यांनी आपले निष्कर्ष दिले. सी-आठचा सहा विकारांशी संबंध असण्याचा संभव अधिक आहे, असे ते निष्कर्ष होते: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, अवटू ग्रंथीचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, गरोदरपणातील रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल. २०१७ साली साडेतीन हजारांहून अधिक दाव्यांची ६७ कोटी १० लाख डॉलरांवर तडजोड झाली. अमेरिकेतील प्रमुख उत्पादकांनी हे रसायन २०१५ पर्यंत सोडून दिले. २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवास कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला.

ह्या ठिकाणी एक विवेक राखणे अगत्याचे आहे. घरातील तवा आणि कारखान्याशेजारची विहीर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेप भाजून पक्का होतो तेव्हा त्यात हे साहाय्यक रसायन जवळजवळ उरत नाही. लेपाचा एखादा पापुद्रा पोटात गेलाच, तर आपल्या त्या जुन्याच विरक्तीने तो शरीराशी काही व्यवहार न करता बाहेर पडतो. तेव्हा पथ्य पाळून वापरलेल्या तव्याला भिऊन तो फेकून देण्याचे कारण नाही. ज्यांना ह्या तव्याची किंमत मोजावी लागली ते तो वापरणारे नव्हते. ते कारखान्यात राबणारे होते, आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी भरणारे होते.

ती किंमत अद्याप फिटली आहे असेही म्हणता येत नाही. सी-आठच्या जागी आलेले जेनेक्स हे रसायन नॉर्थ कॅरोलायना राज्यातील केप फिअर नदीच्या पाण्यात असल्याचे २०१७ साली उघडकीस आले. ह्याच कुळातील रसायने बनविणाऱ्या, इटलीतील व्हिचेंझाजवळच्या त्रिस्सिनो येथील कारखान्याने सुमारे साडेतीन लाख लोकांचे भूजल दूषित केले. तो २०१८ साली दिवाळ्यात निघाला आणि २०२५ साली न्यायालयाने त्याच्याशी संबंधित अकरा जणांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री दरम्यान एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम येथे आणण्यात आली. यंत्रे काही आपण होऊन पाप करीत नाहीत. त्यांतून काय निघते आणि कोठे सोडले जाते, ह्यावर सारे अवलंबून असते. पण ते पाहण्यासाठी कोणी तरी डोळा ठेवावा लागतो, एवढा धडा पार्कर्सबर्गच्या कपाटातील कागदांनी शिकविला आहे.

येथे कल्हईवाल्याच्या धुराची आठवण होते. कल्हईही लेपच होती आणि तीही फुकट होत नव्हती. नवसागराचा धूर छातीत जाई, आणि तो सर्वांत जास्त त्या गरीब कारागिराच्याच छातीत जाई. मात्र तो धूर दारात दिसत होता. ज्याच्या भांड्याला उजाळा मिळे त्याच्याच डोळ्यांत तो झोंबत असे, आणि लेप झिजला की तेही उघड दिसे. नव्या लेपाचा धूर हजारो कोसांवर, एखाद्या नदीच्या तळाशी, रंगावाचून आणि वासावाचून पसरला. वापरणाऱ्याला तो दिसला नाही, कारण त्याने दिसावे अशी सोयच नव्हती; आणि ज्यांना तो दिसला त्यांनी तो कागदात गुंडाळून ठेवला.

बिडाचे आणि लोखंडाचे तवे आता पुष्कळ घरांत परत येऊ लागले आहेत. शहरातल्या दुकानांतून वळण लावून तयार केलेले तवेही मिळतात. त्यामुळे निर्लेप तवा हद्दपार होईल असे नाही, आणि व्हावा असेही नाही. ज्या हातांनी आयुष्यभर खरकटी घासली त्यांना त्याने दिलेला विसावा खरा आहे. एकाच ओट्यावर भाकरीला एक तवा आणि धिरड्याला दुसरा, असे दोघे सुखाने नांदू शकतात. फक्त दुसऱ्या तव्यावरून धिरडे अलगद ताटात घसरते तेव्हा एक गोष्ट विसरू नये. जगात पूर्णपणे निर्लेप असे काही नसते. जे येथे चिकटले नाही ते कोठे तरी चिकटलेले असते, आणि ते कोठे, हे विचारणे हा आता घर चालविण्याचाच एक भाग झाला आहे.